नर झुडपाला फळं किती?



पपईच्या नर झाडाला लांब देठांवर लोंबणारी दोन-चार बारकी फळं कधीतरी धरतात. आपल्यापैकी अनेकांनी ती परसात पाहिली असतील. आता नर म्हटल्यावर त्याला फळ येतंच कसं?

चार्ल्स डार्विनने हाच प्रश्न इंग्लंडमधल्या एका झुडपाच्या बाबतीत धसास लावला. झुडपाचं नाव युऑनिमस. तिकडे ते कुंपणाला सर्रास दिसतं. त्याच्या टणक लाकडाच्या पूर्वी चात्या करत. फूल अगदी लहान, हिरवट पांढरं, चार पाकळ्यांचं. जवळून पाहिलं तर काही झुडपांच्या फुलांत परागकोश भरदार असतात आणि शिवाय मधोमध स्त्रीकेसरही असतो. दुसऱ्या काही झुडपांच्या फुलांत परागकोश नावापुरते, वाळल्यासारखे. परागाचा एक कणही नाही. म्हणजे ही दुसरी झुडपं निखळ मादी. पहिली मात्र दिसायला उभयलिंगी.

एका कुंपणात जवळजवळ असलेली 13 झुडपं डार्विनने पाहिली. 8 मादी, 5 पराग देणारी. शरद ऋतूत एक सोडून सगळ्या माद्या फळांनी लगडल्या होत्या. पराग देणाऱ्या पाचांपैकी एकाला डझन-दोन डझन फळं, बाकीच्यांना काही डझन. मादी झुडपाची जेमतेम दोन-तीन फूट लांबीची एकच फांदी घेतली, तरी तिच्यावरची फळं या पाचांपैकी कुठल्याही अख्ख्या झुडपापेक्षा जास्त भरली! 1877 साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात हा हिशेब आहे. सूक्ष्मदर्शकाने फूल पाहून जे कळलं नसतं, ते फळं मोजून कळलं: फुलाच्या ठेवणीवरून उभयलिंगी वाटणारं झुडूप कामाने जवळजवळ नरच होतं.

असं का व्हावं? फळ धरणं झाडाला महाग पडतं. साखर, पाणी, नत्र, सगळं त्यात ओतावं लागतं. पराग त्यामानाने स्वस्त. मादीजवळ वंश वाढवायचा एकच मार्ग, बी. उभयलिंगी झाडाजवळ दोन: स्वतःचं बी, आणि दुसऱ्याच्या फुलावर जाऊन पडलेला पराग. म्हणून बाकी सगळं सारखं असेल तर मादीला जवळजवळ दुप्पट बी धरावं लागतं, तरच ती टिकते. आणि अशा भरपूर फळणाऱ्या माद्या शेजारी असल्या, की पराग देणाऱ्या झुडपाला स्वतः फळं धरण्यापेक्षा पराग उधळणंच फायद्याचं ठरतं. पिढ्यान्‌पिढ्या ते नरपणाकडे सरकत जातं. ही वाटचाल अर्ध्यावर असताना आपल्याला पाहायला मिळते, हे मला या झुडपाचं सर्वांत मोठं देणं वाटतं.

कोकणातल्या बागायतदाराला नर-मादी झाडांतला हा फरक निराळा सांगायला नको. रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, रोप बियांपासून केलं तर नर की मादी हे फुलं येईपर्यंत कळत नाही. त्यात सात-आठ वर्षं जातात, आणि साधारण निम्मी झाडं नर निघतात. एवढी वर्षं पाणी घालून हाती काय, तर नुसती फुलं! म्हणूनच मादी झाडाच्या काडीचं मृदुकाष्ठ कलम करतात. सोबत दहा टक्के नर कलमं लावायची शिफारस असते, ती परागासाठी. पण रातांब्यातही सरळ दोन तट नाहीत. काही झाडांवर नर फुलांबरोबर उभयलिंगी फुलंही येतात, आणि अशा झाडाला थोडी फळं लागतात.

तेव्हा परसातलं रातांब्याचं एखादं झाड नर ठरवून त्याला कुऱ्हाड लावण्याआधी एवढं करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या मोहराच्या दिवसांत त्याची फुलं उघडून पाहा, खोडाला खूण करा, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच झाडाची फळं मोजा. एका हंगामावर विसंबू नका. फळांचं प्रमाण वर्षागणिक बदलतं. दोन-तीन वर्षांचे आकडे वहीत आले, म्हणजे कुठल्या झाडाची काडी कलमाला घ्यायची तेही त्यातूनच ठरेल.