खिळा, इस्क्रू व सरस
(शेतकरी व सुतार-लोहार मंडळींपुढें झालेलें भाषण)



घराची चौकट बसवितांना आपण मुहूर्त विचारतों, दक्षिणा देतों. पण लांकूड वाळलें आहे कीं नाहीं, हें किती जण विचारतात? पुढें दार फाटलें कीं दोष नशिबाला, नाहीं तर सुताराला! खरें कारण लांकडाच्या स्वभावांत आहे; तें पंचांगांत सांपडावयाचें नाहीं.

लांकूड पावसाळ्यांत ओल पिऊन रुंदीनें फुगतें व उन्हाळ्यांत आकसतें. लांबीनें मात्र फारसें हालत नाहीं. म्हणून रुंद फळीच्या दोन्ही कडा आडव्या पट्टीशीं सरसानें जखडल्या तर फळी फाटते. तेथें इस्क्रू लावावे. मधलें भोंक घट्ट ठेवावें, व कडेचीं भोंकें फळीच्या रुंदीकडे लांबट करावीं, म्हणजे फळीला हालावयास जागा राहते.

खिळा लांकडाच्या रेषांना आडवा गेला तर धरतो. फळीच्या टोंकांत रेषांच्या दिशेनें ठोकला तर लवकर सुटतो. कडेजवळ आधीं गिरमिटानें बारीक भोंक पाडावें. बाभळींतील तुरट द्रव्य ओल्या लोखंडाला लागलें कीं लांकूड काळें पडतें. पावसांतल्या कामास जस्त चढविलेले खिळे घ्यावे. इस्क्रू दोन तुकडे ओढून एकत्र आणतो, पण तो पिळूनच बसवावा. हातोडीनें ठोकलेला इस्क्रू स्वतःची पकड स्वतःच फाडतो.

कातड्या-हाडांचा सरस ओलीनें पुन्हां मऊ होतो. आजचा साधा पांढरा गोंदही भिजून टिकत नाहीं. ओलीच्या जागीं पाणी सोसणारा प्रकार मागून घ्यावा. पृष्ठें नीट जुळवून, आंवळून रात्रभर ठेवावीं. ढिल्या सांध्याला सरस वांचवीत नाहीं.

बैलगाडीचें लांकडी चाक आठवा. आऱ्यांचीं टोंकें तुंब्यांत व बाहेरच्या वांकड्या तुकड्यांत बसवितात. वर लोहार तापलेली धाव चढवितो. पाणी ओततांच धाव आकसते व सारे सांधे आंवळले जातात. भार वाहतात ते सांधे; लोखंड त्यांना मदत करतें. घरांतल्या दारालाही हाच न्याय!

ही विद्या सुतार-लोहारांच्या हातांत आहे. तिचें कारणही त्यांच्या मुलांना कळलें पाहिजे. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं प्राथमिक शाळेंत शेतीचें मूलज्ञान शिकवावें असें मागितलें. शेताला जें लागू, तें रंध्याला व भात्यालाही लागू आहे.

तेव्हां दार करवितांना तीन गोष्टी विचारा: लांकूड वाळलें आहे काय? सांधा कसा बसविला? फळीला हालावयास जागा आहे काय? आणि नीट सांध्याला दोन दिवस अधिक लागले, तर त्या दोन दिवसांची मजुरी घासाघीस न करितां द्या. नुसत्या खिळ्यांचें स्वस्त काम आपणच मागावें आणि मग कारागिराला नांवें ठेवावीं, हा न्याय नव्हे.