गावकुसाबाहेरचे साम्राज्य
(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अमेरिकन साम्राज्यशाही हा विषय आम्ही निवडला तेव्हा साहजिकच प्रश्न आला, की आपल्या मंडळींचा याच्याशी संबंध काय? आमचे उत्तर असे, की माणसांना आपल्या हद्दीत ठेवायचे पण आपल्या घरात घ्यायचे नाही, ही युक्ती कायद्याच्या भाषेत कशी लिहिली जाते याचा हा इतिहास आहे. ही युक्ती आपल्या वाडवडिलांनी पाठीवर सोसलेली आहे. म्हणून हा इतिहास इतरांपेक्षा आपल्याला लवकर कळावा.

सुरुवात १८९८ पासून करू. त्यापूर्वीही अमेरिकेने मूळ रहिवाशांच्या जमिनी घेतल्या होत्या, मेक्सिकोचा मोठा मुलूख १८४८ मध्ये घेतला होता. पण समुद्रापलीकडे जाऊन परक्या लोकांवर राज्य करण्याचा मोठा डाव मांडला तो १८९८ मध्ये. त्या वर्षी स्पेनशी युद्ध झाले आणि काही महिन्यांत संपलेही. १० डिसेंबर १८९८ रोजी पॅरिसला तह झाला. त्यात प्वेर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपाइन्स ही बेटे अमेरिकेला मिळाली. फिलिपाइन्ससाठी स्पेनला दोन कोटी डॉलर देण्यात आले. फिलिपिनो लोकांनी १२ जून रोजीच आपले स्वातंत्र्य जाहीर केले होते. त्यांचे वकील फेलिपे अगोन्सियो पॅरिसला गेले, पण त्यांना तहाच्या बैठकीत प्रवेश मिळाला नाही. ज्यांचा व्यवहार चालला होता ते दाराबाहेर, आणि आत दोन सावकार!

४ फेब्रुवारी १८९९ रोजी मनिलाजवळ गोळीबार सुरू झाला. त्याच महिन्यात रुडयार्ड किपलिंगची गोऱ्या माणसाच्या ओझ्याविषयीची कविता एका अमेरिकन मासिकात छापून आली. हा कवी आपल्या मुंबईत जन्मलेला. ती कविता हिंदुस्थानला उद्देशून नव्हती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. फिलिपाइन्सचे ओझे उचला, असा तो अमेरिकेला केलेला उपदेश होता. युद्ध संपल्याचे थिओडोर रूझवेल्ट यांनी ४ जुलै १९०२ रोजी जाहीर केले. तोवर चार हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक आणि वीस हजारांहून अधिक फिलिपिनो लढवय्ये मेले होते. लढाई, उपासमार आणि रोगराई यांत दोन लाखांपर्यंत सामान्य माणसे गेली असावीत, असा अंदाज आहे. समार बेटावर जनरल जेकब स्मिथ याने दहा वर्षांवरील, शस्त्र धरू शकेल अशा प्रत्येकाला ठार करण्याचा हुकूम दिला. १९०२ मध्ये त्याच्यावर लष्करी खटला चालला. शिक्षा काय, तर समज देऊन सेवानिवृत्ती.

आता कायद्याकडे वळू. अमेरिकेचे संविधान सांगते, की करांचे दर साऱ्या देशात सारखे असावेत. मग नव्या बेटांवर राहणारे लोक देशाचे की परदेशाचे? हा प्रश्न न्यायालयात आला तो एका संत्र्यांच्या खेपेवरून. नागपूरकरांच्या हे चांगले लक्षात राहील! प्वेर्तो रिकोतून न्यूयॉर्कला आलेल्या संत्र्यांवर ६५९ डॉलर ३५ सेंट जकात घेतली गेली. व्यापारी म्हणाला, बेट आता देशाचा भाग आहे, मग जकात कसली? हा डाउन्स विरुद्ध बिडवेल खटला. सर्वोच्च न्यायालयाने २७ मे १९०१ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की जकात योग्य आहे. बेट अमेरिकेच्या मालकीचे आहे, पण जकातीच्या कलमापुरते ते अमेरिका नाही. न्यायमूर्ती व्हाइट यांनी यातून 'समाविष्ट' आणि 'असमाविष्ट' असे दोन प्रकारचे प्रदेश कल्पिले. असमाविष्ट प्रदेशाला संविधान पूर्णपणे लागू नाही. काय लागू करायचे ते बहुतांशी काँग्रेसने ठरवायचे.

मित्रहो, हे वाचताना आपल्याला महारवाडा आठवला नाही तर नवल. महारवाडा गावाच्या शिवेत, पण गावकुसाबाहेर. सांगावा पोचवायला, मेलेले ढोर ओढायला तो गावचा. पाणवठ्यावर आणि चावडीवर मात्र बाहेरचा. कोणत्या वेळी आतला आणि कोणत्या वेळी बाहेरचा, हे ठरविणारा नेहमी दुसराच. असमाविष्ट प्रदेश म्हणजे नेमके हेच.

आणि हा निवाडा सांगणारे न्यायमूर्ती कोण? हेन्री बिलिंग्ज ब्राउन. पाच वर्षांपूर्वी, १८९६ मध्ये, प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या खटल्यात कृष्णवर्णीयांना रेल्वेचा वेगळा डबा देणे कायदेशीर आहे, असे ज्यांनी लिहिले तेच हे. संत्र्यांच्या निकालातही परक्या वंशाच्या, वेगळ्या धर्माच्या आणि चालीरीतींच्या लोकांवर अँग्लो-सॅक्सन तत्त्वांनी राज्य चालविणे काही काळ अशक्य असेल, असा त्यांचा युक्तिवाद आहे. दोन्ही खटल्यांत विरुद्ध मत देणारे न्यायमूर्तीही एकच, हार्लन. घरातील अस्पृश्यता आणि घराबाहेरील साम्राज्य यांचे लेखनिक एक होते. अभ्यासकांना हा सांधा ठळकपणे मांडायला बराच काळ लागला.

पण ज्यांना तो सोसावा लागत होता त्यांना तेव्हाच दिसला. फिलिपाइन्समध्ये कृष्णवर्णीय सैनिकांच्याही पलटणी पाठविल्या गेल्या. गोरे सैनिक फिलिपिनो लोकांना ज्या शिव्या देत त्या याच सैनिकांना मायदेशी मिळत. त्यांपैकी चोविसाव्या पायदळातील डेव्हिड फेगन नोव्हेंबर १८९९ मध्ये पलटण सोडून फिलिपिनो सैन्याला मिळाला आणि तिथे अधिकारी झाला. त्याच्या डोक्यावर सहाशे डॉलरचे बक्षीस लागले. सगळेच फेगनसारखे वागले असे समजू नये. बहुतेक सैनिक हुकुमाप्रमाणे लढले. गोऱ्यांच्या देशात मान मिळवायचा तर लष्करात पराक्रम दाखवावा, अशी त्यांची आशा होती. महार पलटणींचा इतिहास जाणणाऱ्यांना ती आशा परकी वाटणार नाही. १९०३ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी आपल्या ग्रंथात अमेरिकेतील रंगभेदाची रेषा आशिया, आफ्रिका आणि समुद्रातील बेटांपर्यंत नेऊन दाखविली.

इथे सावधपणे बोलावे लागते. साम्राज्याला विरोध करणारे सगळे पददलितांचे मित्र होते काय? मुळीच नाही. दक्षिण कॅरोलायनाचे सिनेटर बेन टिलमन फिलिपाइन्स ताब्यात घेण्याच्या विरोधात होते. का? तर आणखी काळीसावळी माणसे देशात नकोत म्हणून! कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिसकावण्यात हे गृहस्थ अग्रभागी होते. उलट बोस्टनचे वकील मूरफील्ड स्टोरी यांनी फिलिपाइन्समधील अत्याचारांची कागदपत्रे १९०२ मध्ये जमवून प्रसिद्ध केली, आणि पुढे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले. 'साम्राज्यविरोधी' ही पाटी दोघांच्याही गळ्यात होती. कोण कशासाठी विरोध करतो हे विचारल्याशिवाय कोणाच्या मागे जाऊ नये, हे आपल्याला बाबासाहेबांच्या राजकारणातून ठाऊक आहे.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. त्याच काळात, २८ जुलै १९१५ रोजी, अमेरिकन नौसैनिक हैतीत उतरले ते १९३४ पर्यंत हलले नाहीत. हैती म्हणजे गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये स्वतंत्र केलेला देश. आधी, डिसेंबर १९१४ मध्ये, तिथल्या राष्ट्रीय बँकेतील पाच लाख डॉलरचे सोने नौसैनिकांकरवी न्यूयॉर्कला नेले गेले. परकीयांना जमीन घेऊ देणारे संविधान तिथल्या विधिमंडळाने नाकारले, तेव्हा १९१७ मध्ये विधिमंडळच बरखास्त झाले. रस्ते बांधण्यासाठी एक जुना कायदा उकरून शेतकऱ्यांना वेठीला धरण्यात आले. वेठबिगार हा शब्द आपल्याला समजावून सांगायला नको. त्यातून बंड झाले. बंडाचे पुढारी शार्लमान्य पेराल्त यांना १९१९ मध्ये ठार मारण्यात आले. १९२० मध्ये जेम्स वेल्डन जॉन्सन हे कृष्णवर्णीय लेखक तिथे स्वतः गेले, चौकशी केली आणि 'द नेशन' साप्ताहिकात चार लेख लिहिले. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या बँकेचे हितसंबंध त्यांनी नाव घेऊन मांडले. पुढे सिनेटला चौकशी समिती नेमावी लागली.

विद्यापीठांतून मात्र काय चालले होते? सॅम्युअल फ्लॅग बेमिस यांचा अमेरिकन परराष्ट्रधोरणाचा इतिहास १९३६ मध्ये निघाला आणि पुढे अनेक वर्षे पाठ्यपुस्तक म्हणून चालला. त्यात १८९८ म्हणजे एक मोठी चूक, नेहमीच्या वाटेवरून सुटलेले एक पाऊल, असे ठरले. चूक म्हटली की प्रश्न मिटतो. त्याआधी स्कॉट निअरिंग यांनी जोसेफ फ्रीमन यांच्यासह १९२५ मध्ये 'डॉलर डिप्लोमसी' हा ग्रंथ लिहून पैसा आणि बंदूक यांचे नाते दाखविले होते. पण निअरिंग यांची प्राध्यापकी १९१५ मध्येच गेली होती. खरे बोलणाऱ्याला वर्ग मिळत नाही, हा प्रकार तिकडेही आहे.

बेमिस यांच्या मांडणीला खरा धक्का दिला तो विल्यम ॲपलमन विल्यम्स यांनी, १९५९ मध्ये. अमेरिकेला मुलूख नको होता, बाजारपेठ हवी होती, असे त्यांनी मांडले. १८९९ मध्ये परराष्ट्रमंत्री जॉन हे यांनी चीनच्या व्यापाराचे दार सर्वांना उघडे ठेवा, असे खलिते युरोपच्या सत्तांना पाठविले. सारखी संधी म्हटल्यावर ज्याचे भांडवल मोठे तोच जिंकणार. हेच साम्राज्य, फक्त त्यात गव्हर्नर नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातूनच घडलेल्या वॉल्टर लाफेबर यांनी १९६३ मध्ये ते अधिक पुराव्याने दाखविले आणि व्हिएतनाम युद्धाने या पुस्तकांना वाचक मिळवून दिले. तरी आमच्या मते या मांडणीत एक उणीव राहिली. त्यात व्यापार आहे, वर्ण फार थोडा आहे. डु बॉइस आणि जॉन्सन यांनी आधीच लिहिलेले बाजूला पडले. १९९३ मध्ये एमी कॅप्लन आणि डोनाल्ड पीझ यांनी संपादित केलेल्या ग्रंथापासून हे दोन धागे पुन्हा एकत्र विणले जाऊ लागले. २०१९ मध्ये डॅनियल इमरवार यांनी साधा नकाशाच पुढे ठेवला. १९४० च्या सुमारास जवळजवळ १ कोटी ९० लाख माणसे अमेरिकेच्या ताब्यातील अशा प्रदेशांत राहत होती, आणि शाळेतल्या नकाशात ती नव्हती.

फिलिपिनो अभ्यासकांचे म्हणणे वेगळे ऐकले पाहिजे. १९०१ मध्ये 'टॉमस' नावाच्या जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकन शिक्षक मनिलाला उतरले. रेनातो कॉन्स्तान्तिनो यांनी १९६० च्या दशकात लिहिले, की या इंग्रजी शिक्षणाने फिलिपिनो माणसाला आपला पराभव विसरायला शिकविले. त्यात तथ्य आहे. पण आपल्या समाजाने इंग्रजी शिक्षणाचे दार किती कष्टाने उघडून घेतले, हे जाणणाऱ्यांना ते संपूर्ण पटणे अवघड आहे. शाळा ही राज्यकर्त्याने त्याच्या कामासाठी काढलेली असते आणि शिकणारा तिचा उपयोग आपल्या कामासाठी करतो. दोन्ही गोष्टी एकाच वर्गात घडतात. म्हणून १९३० मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रज राज्यात अस्पृश्यांची स्थिती बदलली नाही, हे राज्यकर्त्यांना तोंडावर सांगितले, आणि त्याच वेळी स्वराज्यात सत्ता कोणाच्या हाती जाणार हेही विचारले. १९४६ मध्ये त्यांनी डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाच्या प्रती मागितल्या. डु बॉइस यांनी ३१ जुलैला उत्तर दिले.

फिलिपाइन्स ४ जुलै १९४६ रोजी स्वतंत्र झाले. प्वेर्तो रिकोच्या लोकांना १९१७ मध्ये नागरिकत्व मिळाले, पण बेटावर राहून राष्ट्राध्यक्षाला मत देता येत नाही. न्यूयॉर्कहून बेटावर राहायला गेलेल्या एका अपंग गृहस्थांचा निर्वाहभत्ता बंद झाला आणि दिलेले सुमारे २८ हजार डॉलर सरकारने परत मागितले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने भत्ता नाकारणे वैध ठरविले. विरुद्ध मत सोनिया सोतोमायोर यांचे. त्यांचे आईवडील प्वेर्तो रिकोचे. निकालाशी सहमत असलेल्या न्यायमूर्ती गोर्सच यांनीही स्वतंत्रपणे लिहिले, की १९०१ चे ते निवाडे वंशभेदावर उभे आहेत आणि ते रद्द व्हावेत. सहा महिन्यांनी ती संधी आली. अमेरिकन सामोआत जन्मलेल्यांना जन्मतः नागरिकत्व मिळत नाही. त्यांच्या पासपोर्टवर तसा शेरा असतो. त्यांच्यापैकी काहींनी नागरिकत्व मागितले. सामोआच्या सरकारनेच, सामाईक जमिनीची आपली पद्धत मोडेल या भीतीने, त्यास विरोध केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकण्यास नकार दिला. संत्र्यांच्या खटल्यातील निवाडा आजही रद्द झालेला नाही.