स्वस्त किराण्याची किंमत कोण मोजतं?

(रत्नागिरी येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



आपल्या कोकणातलं घर बहुतेक वेळा दोन ठिकाणी असतं. सासू-सासरे गावी, मुलगा-सून मुंबईला. म्हणून मुंबईतला किराणा हा रत्नागिरीतल्या बायकांचाही प्रश्न आहे.

मध्यंतरी नालासोपाऱ्याला आपल्याच तालुक्यातली एक बाई भेटली. चार घरची धुणीभांडी करते. तांदूळ एका दुकानातून आणते, तेल दुसऱ्या. भाजी रात्री नऊनंतर स्टेशनबाहेर घेते, कारण उरलेला माल तेव्हा स्वस्त मिळतो. नवरा कौतुकानं म्हणाला, "हिला काटकसर छान जमते." मी तिला विचारलं, "यात रोज किती वेळ जातो गं?" ती हसली. म्हणाली, "वेळ कोण मोजतं, ताई?"

कुणीच मोजत नाही. घरात वाचलेले दहा रुपये दिसतात, त्यासाठी झालेली पायपीट आणि गेलेली झोप दिसत नाही. एवढं करूनही हातात एकरकमी पैसे नसतात. डाळ पाव किलो आणि तेल छोट्या पिशवीतून घ्यावं लागतं, आणि तेच महाग पडतं. एकटीच्या काटकसरीला इथे मर्यादा येते.

1972च्या दुष्काळात मुंबईच्या बायकांनी हे ओळखलं होतं. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी या वेगवेगळ्या पक्षांच्या बायका महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत एकत्र आल्या. हजारो गृहिणी लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. तेल-साखरेचा भाव हा सरकारला विचारायचा प्रश्न झाला. 1975मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची आणि घाऊक भावाचा माल आपसात वाटून घ्यायचा, ही पद्धत तिनं रुजवली.

आज आपल्या हातात काय आहे? 2013च्या अन्न सुरक्षा कायद्यानं घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख असते. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला 35 किलो. जानेवारी 2023पासून ते मोफत आहे. कार्ड गावचं असलं तरी मुंबईतल्या रेशन दुकानात धान्य घेता येतं. सुनेनं तिथे काही भाग उचलला, तर उरलेला सासूला गावी मिळतो. मात्र प्रत्येकाचं आधार कार्डाशी जोडलेलं हवं. त्या नालासोपाऱ्याच्या बाईला दुकानदारानं "कार्ड गावचं आहे" म्हणून परत पाठवलं होतं. आम्ही चौघी तिच्याबरोबर गेलो, तेव्हा धान्य मिळालं. पावतीही मिळाली.

रेशनवर तेल-डाळ भागत नाही. त्यासाठी आपले बचत गट आहेत. कर्ज आणि हप्ता यापलीकडे जाऊन दहाजणींनी डाळीचं एक पोतं एकत्र घ्यायला काय हरकत आहे? आणि पोतं उचलायला, निवडायला घरातले पुरुषही यावेत. नाहीतर पैसे वाचतील, पण बाईचं काम तेवढंच राहील.

आज घरी गेल्यावर दोन कामं करा. कार्डावर कुटुंबप्रमुख कोण आहे ते बघा. आणि मुंबईच्या सुनेला, लेकीला फोन करून सांगा, की रेशन दुकानात एकटीनं जाऊ नकोस, शेजारणीला घेऊन जा.