फिरते चक्र



मी याच तालुक्यातला. आता पुण्यात असतो. सुतार पाट करतो, लोहार विळा करतो, तसे मी मोबाईलमधले अ‍ॅप करतो. आज त्यातल्या एका लहानशा गोष्टीबद्दल बोलणार आहे. गोष्ट लहान आहे, पण तिच्यापायी घामाचा पैसा अडकतो.

तुम्ही फोनवर बटण दाबता. पडद्यावर एक गोल चक्र गरगर फिरू लागते. ते तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. ते काय सांगते?

पुष्कळांना वाटते, चक्र फिरते म्हणजे काम चालू आहे. गिरणीचा पट्टा फिरला की पीठ पडते, तसेच हे. पण मंडळी, तसे नाही.

एक दुकान डोळ्यांपुढे आणा. गिऱ्हाईक आले. मालकाने पोऱ्याला गोदामात पाठवले. स्वतः गल्ल्यावर बसून म्हणाला, "बसा, माल येतोय." पोऱ्या गोदामात पोचला का? माल मिळाला का? मालकाला काहीच ठाऊक नाही. तरी तो म्हणतो, "बसा, येतोय."

अ‍ॅपमध्येही असेच दोन गडी असतात. एक पडदा सांभाळतो. दुसरा दूरच्या मोठ्या संगणकाकडे निरोप नेतो. पडद्याचा गडीच निरोप घेऊन गेला, तर गल्ला ओस पडेल आणि पडदा थिजून जाईल. म्हणून आम्ही कामे वाटून देतो. चक्र फिरवणारा तो पडद्याचा गडी. चक्र फिरते याचा अर्थ एवढाच, की निरोप पाठवला आहे आणि उत्तराची वाट पाहत आहोत. काम झाले असे ते सांगत नाही. काम बुडाले असेही सांगत नाही.

कधी चक्राऐवजी पट्टी असते. ती डावीकडून हळूहळू भरत जाते. एकूण काम किती, हे ठाऊक असले तरच पट्टी ठेवता येते. चित्रपट उतरवून घेताना किती आला, किती राहिला, हे मोजता येते. पण बँकेचे उत्तर कधी येईल, हे कसे मोजणार? तिथे चक्रच ठेवावे लागते. जेकब नील्सन नावाच्या जाणकारांनी १९९३ सालच्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे, की एका सेकंदापर्यंत माणसाचा विचार तुटत नाही. दहा सेकंदांपुढे त्याचे लक्ष उडते. दहा सेकंद म्हणजे किती थोडे! आणि आपल्याकडे रेंज नसली, की मिनिट मिनिट जाते.

आता माझीच चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी एका दूध संस्थेसाठी अ‍ॅप केले. सभासदाने घरबसल्या पशुखाद्य मागवायचे. पैसे दूधबिलातून कापून घ्यायचे. पुण्यात माझ्या टेबलावर उत्तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच येई. मी चक्र ठेवले, पण चक्र फिरत असताना बटण बंद केले नाही.

एका बाईने पेंडीचे एक पोते मागवले. चक्र फिरू लागले. थांबेना. तिने पुन्हा बटण दाबले. मग आणखी एकदा. दहा दिवसांनी बिल आले, तर तीन पोत्यांचे पैसे कापलेले! त्या पैशांतून तिला मुलीची फी भरायची होती. ती संस्थेत गेली. कारकून म्हणाला, "बाई, तुम्हीच तीनदा दाबलंय."

ती म्हणाली, "मी एकच पोतं मागितलं. तुमचं चाक थांबेना, त्याला मी काय करू?"

मंडळी, बाईचे खरे होते. चूक तिची नव्हती, माझी होती. पुढच्या बिलात पैसे परत मिळाले, पण फीची तारीख टळून गेली होती.

मग मी अ‍ॅप सुधारले. एकदा दाबले की उत्तर येईपर्यंत बटण बंद. दर मागणीला पावतीसारखा एक नंबर. तोच नंबर दोनदा आला तरी मागणी एकच धरायची. चक्राला तीस सेकंदांची मुदत. मुदत संपली की चक्र थांबते आणि अक्षरे येतात: "उत्तर आले नाही. मागणी नोंदली का, ते 'माझ्या मागण्या' येथे पाहा." आणि नवे काही केले, की आधी रेंज नसलेल्या जागी जाऊन स्वतः वापरून पाहतो. वाट पाहायला लावणाऱ्याने खरे काय ते सांगितले पाहिजे, एवढे त्या बाईने मला शिकवले.

पण सगळेच अ‍ॅप असे नसतात. म्हणून आपणही सावध असावे. विशेषतः पैसे पाठवताना.

२०१६ साली आपल्या देशात यूपीआय सुरू झाले. तुम्ही पिन टाकता, तेव्हा निरोप नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या संगणकाकडे जातो. तिथून तुमच्या बँकेकडे. तिथे पैसे कापले जातात. मग समोरच्याच्या बँकेत जमा होतात. मग उत्तर उलट्या वाटेने तुमच्या फोनवर येते. परतीची वाट तुटली, तर पैसे पोचलेले असतात आणि तुमच्या हातात चक्र फिरतच असते! अशा वेळी पुन्हा पाठवले, तर पैसे दोनदा जातात.

मग काय करावे? पुन्हा पाठवू नका. अ‍ॅपमधल्या व्यवहारांच्या यादीत पाहा. बँकेचा संदेश वाचा. तुम्हाला आता वाचता येते. कुणाच्या तोंडाकडे पाहायची गरज नाही. यादीत 'प्रलंबित' असे असेल, तर त्याचा अर्थ अजून निकाल लागलेला नाही. थांबा.

पैसे कापले गेले, पण समोरच्याला मिळाले नाहीत, तर? त्यासाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी नियम केला आहे. माणसाला पाठवलेले पैसे त्याच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांची खात्री त्याच्याकडे पोचली नाही, तर पाच दिवसांच्या आत. त्याहून उशीर झाला, तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. हा तुमचा हक्क आहे. व्यवहाराचा नंबर कागदावर उतरवून घ्या आणि बँकेत जा.

मात्र कुणी फोन करून म्हणाले, "पैसे परत मिळवून देतो, पिन सांगा," तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

तर मंडळी, एवढे ध्यानात ठेवा. चक्र फिरते म्हणजे काम झाले, असे नाही. एकदा दाबा, थांबा, मग यादी वाचा. चक्राकडे नुसते पाहत बसू नका, अक्षरांकडे पाहा. तुम्ही अक्षरे शिकलात, ती याचसाठी.

राम राम.