धर्मग्रामाच्या बालवीरांचे दोन रात्रींचे शिबिर
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यापुढील भाषण)



शाळेच्या बालवीर पथकाचे शिबिर ठरले म्हणजे शिक्षकाच्या मनात प्रथम येतात ते तंबू, शिधा, पाणी आणि पालकांची संमती. ते योग्यच आहे. परंतु दोन रात्री घराबाहेर राहणाऱ्या मुलाबरोबर त्याच्या घरची प्रार्थनाही शिबिरात येते, त्याचा उपवास येतो, त्याचा शुक्रवार वा रविवार येतो. आणि सामानाच्या यादीत त्यांची नोंद बहुधा नसते. वसईकडील एखादा कॅथलिक मुलगा रविवारी भरणाऱ्या मेळाव्यास येतो तेव्हा त्याची मिस्सा चुकते, ही गोष्ट तो कोणास सांगत नाही. रोजा धरणारा मोठा मुलगा दुपारच्या पंगतीच्या वेळी काही निमित्त काढून दूर जाऊन बसतो. शिक्षकास ते ठाऊकही होत नाही.

म्हणून ज्यांनी धर्माचरण हेच शिबिराच्या मध्यभागी ठेवून आखणी केली, त्यांची रीत पाहणे उपयोगाचे ठरते. अमेरिकेतील कॅथलिक धर्मग्रामांची बालवीर पथके हे त्याचे चांगले उदाहरण होय. ही पथके शुक्रवारी सायंकाळी निघतात, शनिवार पूर्ण रानात काढतात आणि रविवारी दुपारपर्यंत घरी परततात. धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील वस्ती. तेथे पथकाचे पालकत्व अशा धर्मग्रामाकडे असू शकते. पथकास बसण्यास जागा मिळते, आणि प्रौढ नायकांच्या नेमणुकीस धर्मग्रामाची मान्यता लागते.

थोडी पूर्वपीठिका. बेडन-पॉवेल यांनी ब्राउन्सी बेटावर पहिले प्रायोगिक शिबिर भरविले ते ऑगस्ट १९०७ मध्ये. अमेरिकेतील संस्था १९१० साली स्थापन झाली. 'बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका' हे तिचे नाव बदलून ८ फेब्रुवारी २०२५ पासून 'स्काउटिंग अमेरिका' असे झाले. तिच्या बारा कलमी नियमावलीतील शेवटचे कलम श्रद्धेचे आहे. त्यात स्वतःच्या धर्मकर्तव्याबरोबर इतरांच्या श्रद्धेचा आदर ठेवणेही सांगितले आहे. हे दुसरे अर्ध कलम पुढे फार कामास येणार आहे. आरंभी अनेक कॅथलिकांना ही चळवळ प्रॉटेस्टंट घरातून आलेली म्हणून संशयास्पद वाटे. फ्रान्समधील जेझुइट धर्मगुरू झाक सव्हँ यांनी तिचा बारकाईने अभ्यास करून १९२० साली सहकाऱ्यांसह कॅथलिक बालवीर संघटना उभी केली, तेव्हा तो संशय पुष्कळसा निवळला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदानुसार संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेचे पथक असे शिबिर भरविणार नाही. ते काम चर्चचे, मंदिराचे, मशिदीचे. शाळेच्या पथकाने घ्यावयाची ती आखणीची शिस्त.

अशा शिबिराच्या आखणीस आरंभ कोठून करावा? नवखा नायक जागेपासून करतो. अनुभवी नायक धर्मगुरूंपासून करतो. कारण कॅथलिक माणसास रविवारची मिस्सा हे कर्तव्य आहे, मुलगा रानात आहे म्हणून ते सुटत नाही, आणि मिस्सा अर्पण करण्यास धर्मगुरूच लागतात. आता रविवारी सकाळी धर्मगुरूंना स्वतःच्या चर्चमध्ये एकाहून अधिक मिस्सा असतात. कित्येक ठिकाणी तर एकाच धर्मगुरूंकडे दोन-तीन चर्चे सोपविलेली असतात. ते सकाळचे काम टाकून चाळीस मैलांवरच्या रानात कसे येणार? म्हणून काही महिने आधी त्यांची भेट घ्यावी लागते. शनिवारी सायंकाळची मिस्सा रविवारच्या कर्तव्यासाठी धरली जाते, असा कॅथलिक धर्मविधीचा नियम आहे. बहुतेक शिबिरे त्याचाच आधार घेतात. तेही न जमल्यास रविवारी सारे पथक गणवेशात जवळच्या चर्चमध्ये नेतात. मग तंबू लवकर उतरविणे, गाड्यांची सोय, चर्चला आगाऊ कळविणे ही कामे वाढतात. धर्मगुरू नाहीत म्हणून मुलांनीच प्रार्थना व गीते म्हणून मिस्सा झाली असे मानणे, हे चालत नाही. तशी प्रार्थनासभा चांगली असते, परंतु ती मिस्सा नव्हे.

मिस्सेची घटका निश्चित झाली की बाकीचे वेळापत्रक तिच्याभोवती रचावयाचे. वरवर पाहता धर्मविधी आणि स्वयंपाकघर यांचा काही संबंध दिसत नाही. परंतु ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी एक तास अन्न वर्ज्य असते. पाणी व औषध चालते. म्हणजे सायंकाळी पाचला मिस्सा असेल तर अल्पोपाहार साडेतीनच्या सुमारास उरकला पाहिजे आणि रात्रीचे जेवण मिस्सेनंतर ठेवले पाहिजे. याहून कडक नियमाचे दिवसही या पथकांनी पाहिले आहेत. पूर्वी मध्यरात्रीपासून पाण्याचा घोटही वर्ज्य होता. बारा वर्षांची मुले थंडीत उठून, लाकडे फोडून, उपाशीपोटी मिस्सेस उभी राहत. अशा वेळी एखादा मुलगा भोवळ येऊन पडला तर त्यात नवल ते काय? १९५३ साली पोप बाराव्या पायस यांनी पाण्याची मोकळीक दिली, १९५७ साली अन्नासाठी तीन तासांची मर्यादा घातली आणि १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी ती एका तासावर आणली. साखरेच्या विकारामुळे वेळेवर खावे लागणाऱ्या मुलास नियमाच्या भीतीने उपाशी राहू द्यावयाचे नसते, हे मात्र नायकाने स्वतः त्यास आणि त्याच्या टोळीस आधीच सांगावे. मुले अशा बाबतीत मोठ्यांपेक्षा कर्मठ असतात.

स्वयंपाक टोळीटोळीने होतो. टोळी सहा ते आठ मुलांची. काय शिजवावयाचे ते मुले ठरवितात, बाजारही बहुधा तीच करतात. उपवासकाळातील शुक्रवार आला तर चौदा वर्षांवरील कॅथलिकांना मांस वर्ज्य. मासे, अंडी, दूध चालते. त्याच टोळीत अकरा वर्षांचा मुलगा असला तर त्यास हा नियम लागू नाही. पण एका चुलीवर दोन भांडी चढविण्यापेक्षा सर्वांनी चीज घातलेली मॅकरोनी खाणे सोपे, आणि मुले तेच करतात. शुक्रवारी शाळा सुटल्यावर निघालेले पथक अंधारात पोहोचते, तंबू दिव्याच्या उजेडात उभे राहतात, म्हणून त्या रात्री फार शिजवावयाचे नसतेच.

वेदी मुलांनी बांधावी. हे काम शनिवारी सकाळचे. धर्मविधीच्या नियमाप्रमाणे मिस्सा पवित्र स्थळी व्हावी; तसे स्थळ नसेल तर जागा शोभेशी, मेज योग्य आणि त्यावर स्वच्छ वस्त्र असावे. एवढ्या मोकळिकीत बालवीरांची सारी विद्या मावते. सरळ काठ्या निवडणे, त्या दोरीने चौरस बांधणे, मेज डुगडुगत नाही ना हे पाहणे. सैल बांधलेली दोरी येथे लपत नाही. द्राक्षारसाचा पेला तीवर ठेवावयाचा असतो. ज्या मुलास प्रार्थना म्हणताना संकोच होतो, तो या गाठी मारताना मोकळा होतो. मेज पूर्वेकडे तोंड करून ठेवावे की कसे, याबद्दल मोठी माणसे वाद घालतात. मुलांनी वारा पाहून जागा निवडलेली असते आणि मेणबत्त्या त्यांच्याच जागी टिकतात.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. धर्मग्रामाच्या पथकात सारीच मुले कॅथलिक असतात असे नाही. शेजारचा बॅप्टिस्ट, वर्गातला यहुदी, कोठे एखादा हिंदू कुटुंबातला मुलगाही असतो. त्यास ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही. चाळीस मुले रांगेने पुढे जातात आणि हा एकटा बसून राहतो. ती दोन-तीन मिनिटे त्या मुलास किती लांब वाटतात, हे ज्याने वर्गात हजेरीच्या वेळी फी न भरलेल्यांना उभे राहिलेले पाहिले आहे त्यास सांगावयास नको. म्हणून जाणते नायक दोन कामे आधी करतात. पहिले, आठवडाभर अगोदर त्याच्या आईवडिलांना संपूर्ण कार्यक्रम लेखी कळवून विचारतात की मुलाने मिस्सेस यावे, की त्या वेळी दुसऱ्या कामावर असावे. दुसरे, मुलास खाजगीत समजावून सांगतात. अमेरिकेत अनेक ठिकाणी अशी रूढी आहे की ख्रिस्तप्रसाद न घेणाऱ्याने हात छातीवर एकमेकांवर ठेवून रांगेत जावे आणि केवळ आशीर्वाद घ्यावा. कोणी जातो, कोणी जाणार नाही. दोन्ही चालले पाहिजे. 'आमच्याबरोबर आलास तर आमच्यासारखे कर' हे वाक्य ज्या शिबिरात ऐकू येते तेथे बाराव्या कलमाचे अर्ध वाचावयाचे राहून गेले आहे.

शनिवारचा बाकीचा दिवस गच्च भरू नये. धर्माच्या शिबिरात उत्साही माणसे सकाळी प्रवचन, दुपारी प्रश्नोत्तरे, सायंकाळी ध्यान अशी रांग लावतात आणि मुले झोपी जातात. त्यापेक्षा पायवाटेवर क्रुसाच्या वाटेचे चौदा टप्पे ठेवून टोळ्यांनी होकायंत्राने एकेक शोधावा. दोरीस गाठी मारून जपमाळ करावी. सात संस्कारांवर आधारलेले 'आद अल्तारे देई' हे पदक मोठ्या मुलांसाठी आहे, ते शिबिरात पुरे करण्याचा हव्यास नसावा. तो काही महिन्यांचा अभ्यास आहे.

रात्रीच्या शेकोटीस काटेरी टेकाक्विथा हिची कथा शोभते. मराठी कानास या नावाने काटे आठवतील. ते कॅथरीन नावाचे मोहॉक रूप आहे. १६५६ साली आजच्या न्यूयॉर्क राज्यात जन्मलेली ही मोहॉक मुलगी देवीच्या साथीत आईबापांस मुकली. तिचा चेहरा व्रणांनी भरला, दृष्टी अधू झाली. रानात काटक्यांचे क्रूस करून ती प्रार्थना करी असे सांगतात. १६८० साली, चोविसाव्या वर्षी ती वारली आणि २०१२ साली संत म्हणून घोषित झाली. मुले ही गोष्ट शांतपणे ऐकतात. सकाळी त्यांनी स्वतःच काठ्या बांधलेल्या असतात.

मुलांच्या रक्षणाविषयी थोडे कठोर बोलावे लागेल. या संस्थेत पूर्वी कित्येक मुलांवर प्रौढांकडून लैंगिक अत्याचार झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला, त्यानंतर ८२,००० हून अधिक दावे दाखल झाले, आणि सुमारे २४६ कोटी डॉलर भरपाईची योजना एप्रिल २०२३ मध्ये अमलात आली. कॅथलिक चर्चलाही अशाच पातकांना सामोरे जावे लागले आहे. श्रद्धेचे आवरण आणि गणवेशाचा विश्वास, दोन्ही एकत्र आले म्हणजे मूल बोलण्यास अधिक कचरते. म्हणून आजचे नियम विश्वासावर सोडलेले नाहीत. प्रत्येक कार्यक्रमास एकवीस वर्षांवरील निदान दोन नोंदलेले प्रौढ हवेत. कोणताही प्रौढ एका मुलाबरोबर एकान्तात असू नये. प्रौढ आणि मूल एका तंबूत नाहीत. एका तंबूतील मुलांच्या वयात दोन वर्षांहून अधिक अंतर नसावे. मुले जोडीने फिरतात. धर्मगुरूंनाही यातून सूट नाही. पापनिवेदनासाठी दोन खुर्च्या मोकळ्या माळावर, सर्वांस दिसतील पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर मांडतात. संस्काराची गुप्तता शब्दांची असते; त्यासाठी तंबूचा पडदा ओढावा लागत नाही. एखादा वडीलधारा या नियमांनी दुखावतो, 'माझ्यावर अविश्वास?' असे म्हणतो. त्यास नम्रपणे सांगावे की नियम सर्वांस सारखा आहे. तरीही तो रागावला तर त्याच्यावाचून शिबिर होऊ द्यावे.

वैद्यकीय नोंदपत्र प्रत्येक मुलाचे हवे. तीन दिवसांच्या आतील शिबिरास वैद्याची तपासणी आवश्यक नसते. पालकांनी भरलेली माहिती पुरते. कोणास कशाची बाधा होते हे प्रथमोपचार सांभाळणाऱ्यास तोंडपाठ असावे. पाऊस आला तर मिस्सा कोठे, हे शुक्रवारीच ठरवून ठेवावे. मोठे ताडपत्रीचे छत पुरते, आणि विजा चमकू लागल्या तर सर्वांस पक्क्या इमारतीत वा गाड्यांत न्यावे, वेदी तशीच राहू द्यावी.

रविवारी सकाळी न्याहारीनंतर आवराआवर होते. वेदीच्या दोऱ्या सोडून गुंडाळतात, काठ्या होत्या तेथे नेऊन ठेवतात, शेकोटीची राख हातास गार लागेपर्यंत पाणी ओततात. मग सारे पथक हातभर अंतराने एका रांगेत उभे राहून मैदान ओलांडते आणि कागदाचा कपटा दिसला तरी उचलते. गाड्यांत बसण्यापूर्वी टोळीनायकांची छोटी बैठक होते. किती अन्न उरले, कोणत्या टोळीचा तंबू गळला, कोण मुलगा रात्री रडला, मिस्सेच्या वेळी कोण कोठे होता, हे वहीत लिहिले जाते. आणि धर्मगुरूंना पुढील वर्षाची तारीख त्याच दिवशी विचारतात.