ताबा गेला तर सहा महिने मोजा



कापूस-ज्वारीच्या मुलखात आम्ही नालासोपाऱ्याची गोष्ट काढली, ती कारणाने. तिथे पूर्वेला सुमारे 60 एकर जमीन सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव होती. खोट्या परवानग्या दाखवून तिच्यावर 41 इमारती उठल्या. 8 जुलै 2024 ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा हुकूम दिला. सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये पाडकाम संपलं. न्याय झाला, पण इतक्या उशिरा की पैसे मोजून घर घेतलेली कुटुंबं उघड्यावर आली.

आपल्याकडे इमारत उठत नाही. रात्रीतून धुरा कोरला जातो, पेरलेल्या रानात दुसऱ्याचा नांगर फिरतो. सातबारा आपल्या नावावर आहे, जमीन कुठे पळते, म्हणून आपण गप्प बसतो. तिथेच फसतो.

कायद्याने दोन जवळच्या वाटा दिल्या आहेत. पहिली, 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा. शेतजमीन, झाडं, उभं पीक, विहिरीचं पाणी बेकायदा हिसकावलं तर तहसीलदाराकडे दावा लावता येतो. दुसरी, 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याचं कलम 6. संमतीशिवाय ताबा काढला असेल तर दिवाणी न्यायालय तो परत देतं. इथे मालक कोण हा प्रश्नच नाही. ताबा कोणाचा होता आणि कसा गेला, एवढंच पाहतात. मात्र कलम 6 खाली सरकारवर दावा चालत नाही.

दोन्हीकडे मुदत एकच: सहा महिने. ती चुकली तर मालकी सिद्ध करण्याचा लांबलचक दावा उरतो. आणि दुसऱ्याने मालक म्हणून उघड कब्जा करून बारा वर्षं काढली, तर मालकीचा हक्कही बुडू शकतो.

म्हणून ताबा गेला त्याच आठवड्यात तारीख लिहून ठेवा. शेजारच्या दोघांना साक्षीला घ्या. तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पीकपाहणीचे जुने उतारे काढा.

आणि एक सांगतो. हाच कायदा उलटही लागतो. जमीन आपली असली तरी कसणाऱ्याला काठीने हुसकावायचा हक्क आपल्यालाही नाही. काठीने मिळवलेली जमीन कोर्ट परत घेतं, आणि वर फौजदारी मागे लागते. भांडायचंच तर अर्जाने भांडू, पण सहा महिन्यांच्या आत.