मनगटावरची नाडी

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण. बोलण्याच्या ओघात राहून गेलेले काही आकडे लिहून काढताना घातले आहेत.)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो ‘मनगटावरचा डॉक्टर’ असा. मी तो घेतला, पण त्यातला ‘डॉक्टर’ हा शब्द मला मान्य नाही, हे आधीच सांगून टाकते. का मान्य नाही, ते सांगण्यासाठीच मी आज उभी आहे. मी काही वैद्यकशास्त्र शिकलेली बाई नव्हे. कन्याशाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले, एवढीच माझी शिदोरी. आणि तेवढ्या शिदोरीवर माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती सांगितल्यावाचून हे भाषण पुरे होणार नाही.

पण प्रथम थोडी गंमत. आपल्या लहानपणी एखादी मुलगी ‘कानातले’ मागू लागली की आई म्हणे, दिवाळीला पाहू. आता माझा नातू कानातले मागतो! त्याला हवे असते ते गाणे ऐकावयाचे इअरफोन. ती दोन पांढरी बोंडे कानात खोचली की घरात कोणी हाक मारो, दारात दूधवाला ओरडो, मुलगा समाधी लावून बसलेला. या बोंडांविषयी मी एवढेच सांगते. आवाज ८० डेसिबलपर्यंत असेल तर आठवड्याला ४० तास ऐकण्यास हरकत नाही, आणि तो ९० वर नेला तर चारच तास, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. आपल्या अंतर्कर्णात आवाज टिपणाऱ्या केसांसारख्या नाजूक पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तुमच्या मुलाच्या कानातले गाणे शेजारी बसून तुम्हाला ऐकू येत असेल, तर आवाज कमी करावयास सांगा. रस्त्यावर चालताना तर ती बोंडे खिशातच बरी. असो, कान एवढ्यावर सोडते. माझा खरा विषय मनगटाचा आहे.

हल्ली आपल्यापैकी पुष्कळजणींच्या हातात बांगड्यांच्या शेजारी एक काळे चौकोनी घड्याळ दिसते. कोणाला मुलाने पुण्याहून पाठवलेले, कोणाला सुनेने वाढदिवसाला दिलेले. सकाळी पद्मतीर्थाच्या बाजूला फिरावयास गेले की ‘माझी सहा हजार झाली, तुमची किती?’ असे प्रश्न ऐकू येतात. पूर्वी जपाची माळ मोजीत असू, आता पावले मोजतो. वाईट काहीच नाही. चालणे चांगलेच. पण दहा हजार पावले झाली नाहीत म्हणून रात्री दहा वाजता अंगणात येरझारा घालणाऱ्या एक बाई मला ठाऊक आहेत. त्यांना मी या दहा हजारांची जन्मकथा सांगितली. तीच तुम्हालाही सांगते.

टोकियोला १९६४ साली ऑलिंपिक सामने झाले. जपानात व्यायामाचे वारे सुटले. दुसऱ्याच वर्षी, १९६५ मध्ये, तेथील यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावावयाचे पावले मोजणारे यंत्र विक्रीस काढले आणि त्याचे नाव ठेवले ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचे मापक’. आकडा गोल, सांगावयास सोपा, आणि तो जगभर पसरला. प्रयोगशाळेत तो कोणी सिद्ध करून ठेवलेला नव्हता. पुढे २०१९ साली अमेरिकेत सुमारे १६,७०० वयस्कर स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय ७२, म्हणजे आपल्या पुढच्या रांगेतल्याच भगिनी म्हणा ना! दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. ७,५०० च्या आसपास गेल्यावर मात्र हा फायदा वाढावयाचा थांबला. तेव्हा त्या बाईंनी रात्री खुशाल झोपावे.

शिवाय हे घड्याळ पावले मोजते म्हणजे काय करते? ते हाताचे हेलकावे मोजते. मी एक दिवस ते घालून भाकरी थापल्या. पंधरा भाकरी होईतो घड्याळाने मला दोनशे पावले चालवले होते. मी चुलीपुढून हललेही नव्हते. याउलट डोक्यावर घागर घेऊन, एक हात वर धरून शेतातून येणाऱ्या बाईची पुष्कळ पावले त्याच्या हिशेबातून गळतात. दिवसभर उकिडवे बसून निंदण करणारीला तर ते ‘उठा, थोडी हालचाल करा’ असा उपदेशही करील. ज्यांनी घड्याळ बनवले त्यांच्या डोळ्यांपुढे खुर्चीवर बसणारा माणूस होता. आपल्या मालेगाव-मानोऱ्याकडची सोयाबीन सोंगणारी बाई नव्हती.

आता नाडीकडे येते. घड्याळ उलटे करून पाहा, त्याच्या पोटाशी हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाचा ठोका पडला की मनगटात रक्त अधिक येते, प्रकाश अधिक शोषला जातो, परत कमी येतो. हा चढउतार मोजला की नाडी मिळाली. युक्ती सुंदर आहे आणि चांगल्या घड्याळात, हात स्थिर असताना, ती बऱ्यापैकी खरी उतरते. स्वस्त घड्याळाची गोष्ट निराळी. नातवाच्या सांगण्यावरून मी असेच एक घड्याळ दुधी भोपळ्याला बांधून पाहिले. भोपळ्याची नाडी ७६ भरली! त्याच घड्याळाच्या खोक्यावर रक्तदाब आणि साखर दोन्ही मोजतो असे छापले होते. मधुमेह असलेल्या भगिनींनी येथे नीट ऐकावे. सुई न टोचता साखर मोजतो म्हणणाऱ्या घड्याळांवर आणि अंगठ्यांवर विसंबू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत दिला आहे. तसे एकही घड्याळ वा अंगठी त्यांनी संमत केलेली नव्हती. त्या आकड्यावरून गोळी किंवा इन्सुलिन कमीजास्त करणे म्हणजे भोपळ्याला विचारून औषध घेणे होय.

आणि आता ऑक्सिजन. हा शब्द आपल्या घरात कोणी आणला ते आठवते ना? करोनाच्या साथीत, १५ सप्टेंबर २०२० पासून, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राज्यात सुरू झाली. आशाताई आणि स्वयंसेवक दारोदार येऊन कपाळासमोर तापाचे यंत्र धरीत आणि बोटाला चिमटा लावीत. त्या दिवसांत ९५ च्या खाली आकडा म्हटला की घर हादरे. माझी धाकटी जाऊ खेड्यात असते. तिच्या बोटाला चिमटा लावला तेव्हा ९८ आला. तो आकडा तिच्या आणि आम्हा सर्वांच्या मनात पक्का बसला.

२०२४ च्या दिवाळीत ती आमच्याकडे चार दिवस राहावयास आली. जिना चढताना मध्येच थांबे. चेहरा पांढुरका. मी तांदूळ निवडावयास बसले की सुपातले चार कच्चे दाणे उचलून तोंडात टाकी. मी हसून म्हणे, अग, लहान आहेस का? एके संध्याकाळी ती म्हणाली, “बाई, मले लय थकल्यासारखं होते. उभं राहाले गेलं का डोयापुढं अंधारी येते.” मी काय करावे? माझ्या मनगटावरचे घड्याळ काढून तिच्या हाताला बांधले. ऑक्सिजन ९८. नाडी १०८. मी म्हणाले, “ऑक्सिजन उत्तम आहे, काही काळजी करू नकोस. नाडी जरा जास्त आहे, ती कामाची दगदग.” ती बिचारी समाधानाने गावी गेली. जिच्या जावेने तीस वर्षे रक्ताभिसरण शिकवले, तिने दुसऱ्या कोणाला कशाला विचारावे?

जानेवारीत तूर काढताना ती धुऱ्यावर कोसळली. दवाखान्यात नेले तेव्हा हिमोग्लोबिन निघाले ५.९. शंभर मिलिलिटर रक्तात किमान १२ ग्रॅम हवे, त्याच्या निम्मेसुद्धा नाही. दोन बाटल्या रक्त चढवावे लागले.

मग तो ९८ खोटा होता काय? मी रात्रभर याचाच विचार करीत बसले, आणि सकाळी मलाच माझा धडा आठवला. तो आकडा अगदी खरा होता. मी त्याला भलताच प्रश्न विचारला होता. एस.टी.चे उदाहरण घ्या. रक्तातल्या तांबड्या पेशी म्हणजे गाड्या, आणि ऑक्सिजन म्हणजे उतारू. चिमटा किंवा घड्याळ तांबडा व अदृश्य असा दोन तऱ्हांचा प्रकाश टाकून एवढेच सांगते की, धावणाऱ्या गाड्यांत शेकडा किती जागा भरल्या आहेत. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ मध्ये पुढे आणलेली ही युक्ती. पण गाड्या किती धावत आहेत? वीस की आठ? ते ती सांगत नाही, सांगूच शकत नाही. वाशिमहून सुटणाऱ्या आठच गाड्या खचाखच भरून गेल्या तरी आकडा ९८, आणि स्थानकावर अर्धा गाव ताटकळत उभा! त्या ताटकळणाऱ्या गावाला आपण थकवा म्हणतो. थोड्या गाड्यांनी सारे काम उरकावयाचे तर त्यांना अधिक फेऱ्या माराव्या लागतात. म्हणून हृदय धावत होते, म्हणून नाडी १०८ होती. घड्याळाने हाक मारली होती. मी तिला दगदग म्हणून मोकळी झाले.

(जाता जाता सांगते. चिमट्याच्याही मर्यादा आहेत. नखाला रंग असला, हात गार असला तर तो चुकतो. अमेरिकेतील मिशिगन येथील डॉक्टरांनी २०२० मध्ये दाखवून दिले की, रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी असूनही यंत्राने तो ठीक दाखवावा, असे काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडत होते. आपल्यासारख्या सावळ्या माणसांनी हे ध्यानात ठेवावे.)

जाऊ दवाखान्यात असताना मी तिला विचारले, हे रक्त गेले कोठे? तिने आधी इकडे तिकडे पाहिले, खोलीत पुरुष नाही याची खात्री केली, आणि हळूच म्हणाली, “अंगावरून लय जाते, बाई. चार साल झाले.” मी म्हणाले, “अग, मग बोलली का नाहीस?” ती म्हणाली, “सांगतलं असतं. कोनं इचारलंच नाई.”

भगिनींनो, चिमटा लावणाऱ्यांनी ते विचारले नाही, आणि त्यांच्याकडे त्या वेळी बोट दाखवण्यात अर्थ नाही. ते करोना शोधीत होते. पण मी? माझ्या घरात चार दिवस ती होती. मी घड्याळाला विचारले, तिला विचारले नाही.

डॉक्टरांचा स्टेथास्कोप आपण सर्वांनी पाहिला आहे. तो १८१६ साली पॅरिसमध्ये जन्मला तोसुद्धा एका बाईमुळे. रेने लॅनेक नावाच्या डॉक्टरांपुढे हृदयविकाराची एक तरुण स्त्री आली. त्या काळी छातीला कान लावून तपासीत. त्यांना ते प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले, दुसऱ्याला कान लावला, आणि ठोके अधिकच स्पष्ट ऐकू आले. संकोचातून यंत्र निघाले, चांगलेच झाले. परंतु त्या सुरळीच्या एका टोकाला ऐकणारे माणूस होते. माझ्या जावेच्या मनगटावर यंत्र होते, आणि ऐकणारी मी आकडा पाहून उठून गेले.

हे एका घरचे रडगाणे नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९ ते २०२१ ची पाहणी सांगते की, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांत ५४ जणींना रक्तक्षय आहे. या सभागृहातल्या खुर्च्या मोजा आणि एक सोडून एक खूण करा. आणि त्या खुर्चीवरच्या बहुतेकींच्या मनगटावरचे घड्याळ ९७-९८ च दाखवील. हिमोग्लोबिन पाहावयास रक्ताचा थेंब लागतो. तो प्राथमिक आरोग्य केंद्रात घेतात, सुई क्षणभर टोचते. थकवा, धाप, जिभेचा व पापणीच्या आतला पांढुरकेपणा, माती किंवा कच्चे तांदूळ खाण्याची ओढ, यांतले काही दिसले तर घड्याळाकडे पाहू नका, केंद्रात जा. आणि पाळीचे कपडे किती बदलावे लागतात हे सुनेला, जावेला, कामाला येणाऱ्या बाईला विचारा. प्रश्न जरा अवघड आहे, मला ठाऊक आहे. मला तो विचारावयास साठ वर्षे लागली.

चालण्याच्या स्पर्धेत पहिल्या येणाऱ्या भगिनीला असे घड्याळ बक्षीस द्यावे काय, असे कार्यकारिणीत विचारले गेले आहे. द्यावे की! मी विरोध करीत नाही. फक्त त्या दिवशी सकाळी स्पर्धेच्या आधी हिमोग्लोबिन तपासण्याची सोय करावी आणि ज्यांचे कमी येईल त्यांना त्या दिवशी धावाधाव करू देऊ नये, एवढी सूचना मी लेखी दिली आहे.

माझी जाऊ आता पुष्कळ सावरली. पाळीवर उपचार झाले, हिमोग्लोबिन ११ च्या वर गेले. लोहाची गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावयाची, चहाबरोबर नाही, हे तिने पाठ केले आहे. मी माझे घड्याळ तिला देऊन टाकले. परवा गावी गेले तेव्हा पाहते तो पावले बंद, नाडी बंद, ऑक्सिजन बंद. नातीकडून तिने सारे काढून टाकवले होते. मी विचारले, मग हे हातात कशाला? तेवढ्यात रात्रीचे नऊ वाजले, घड्याळ मनगटावर थरथरले, आणि ती फडताळाकडे जात म्हणाली, “गोयीची आठोन देते ना, बाई. तेवढंच ठेवलं.”